फायरवॉलला नाव कळत नाही, पत्ता कळतो

परीक्षण: विंडोजची स्वतःची फायरवॉल, आणि तिच्या जोडीला टायनीवॉल व विंडोज फायरवॉल कंट्रोल

नाशकातला घरचा पीसी सहसा एका कामाचा नसतो. सकाळी त्यावर अंबडच्या वर्कशॉपचं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडतं, दुपारी गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज बघितलं जातं, संध्याकाळी पोरं माइनक्राफ्ट नाहीतर डिस्कॉर्ड लावून बसतात. मध्येच चौकट येते: अमुक अ‍ॅपची काही फीचर्स फायरवॉलने अडवली आहेत, परवानगी द्यायची का? मोठी माणसं घाबरून ‘कॅन्सल’ दाबतात, पोरं न वाचता ‘अलाऊ’ दाबतात. आठवड्याने तीच चौकट पुन्हा हजर. मग एमजी रोडच्या ज्या दुकानातून मशीन असेंबल करून घेतलं तिथे फोन जातो आणि ठरलेलं उत्तर मिळतं: ‘काका, फायरवॉलच बंद करून टाका, परत विचारणार नाही.’

विचारणार नाही हे खरं. पण बेल सारखी वाजते म्हणून कोणी दार उखडून ठेवत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. विंडोजसोबत येणारी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून आत-बाहेर जाणाऱ्यावरचा पहारा, घरासाठी पुरेशी आहे आणि तिचा त्रास अर्ध्या तासात थांबवता येतो. फुकट मिळणारे दोन जोड-प्रोग्राम चांगले आहेत, पण ते वेगळ्या गरजेसाठी आहेत. नुसते पॉपअप थांबवायला ते बसवू नयेत.

आधी चौकट ओळखा

‘फायरवॉल सारखी विचारते’ अशी तक्रार असते तेव्हा विचारणारी प्रत्येक वेळी फायरवॉलच असते असं नाही. स्क्रीन काळवंडून ‘या अ‍ॅपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करू द्यायचे का’ असं येतं ते यूएसी, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार मागणारी चौकट. रोज पीसी चालू झाल्यावर ती येत असेल तर स्टार्टअपमध्ये एखादा प्रोग्राम ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून ठेवलेला असतो. तो खरंच लागत असेल तर टास्क शेड्युलरमध्ये ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ लावून तिथून सुरू करावा, चौकट जाते. निळी मोठी पाटी ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ म्हणते ती स्मार्टस्क्रीन, अनोळखी डाउनलोडबद्दल बोलणारी. आणि उजव्या कोपऱ्यातून ‘तुमच्या पीसीत पाच व्हायरस सापडले’ म्हणणारी चिठ्ठी असेल तर ती कुठल्याशा वेबसाइटला कधीतरी दिलेली नोटिफिकेशनची परवानगी. ती क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’ इथे जाऊन काढायची. या तिन्हींशी फायरवॉलचा संबंध नाही. फायरवॉल बंद केली तरी त्या येतच राहतात, आणि मग दुकानदारही डोकं खाजवतो.

फायरवॉलच्या खऱ्या चौकटीत प्रोग्रामचं नाव, बनवणारी कंपनी आणि फाइलचा पूर्ण पाथ, म्हणजे ती डिस्कवर कुठे आहे तो पत्ता, असतो. विंडोज ११ च्या नव्या रूपात हे तपशील ‘शो मोअर’ दाबल्यावर दिसतात. तिथला पाथ ही सगळ्यात कामाची ओळ, आणि नेमकी तीच कोणी वाचत नाही.

ती विचारते कधी

विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे ऑगस्ट २००४ पासून, ही फायरवॉल मुळातच चालू येते. तिचा नियम साधा: बाहेर जाणारं सगळं जाऊ द्यायचं, आत येणारं सगळं अडवायचं, ज्याला सूट दिली आहे ते सोडून. त्यामुळे ब्राउझिंग, मेल, यूट्यूब यांच्यासाठी ती कधी विचारत नाही. एखादा प्रोग्राम ‘मला बाहेरून कोणीतरी जोडणार आहे’ म्हणून कान लावून बसला आणि त्याच्या नावचा एकही नियम यादीत नसला, तरच चौकट उघडते.

म्हणून ‘कॅन्सल’ दाबूनही बरेच प्रोग्राम सुरळीत चालतात. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पोरगी नोडवर (जावास्क्रिप्टचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रामवर) सर्व्हर चालवते आणि त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये बघते, तेव्हा परवानगी नाकारली तरी पान उघडतं, कारण मशीनचं स्वतःशी चाललेलं बोलणं फायरवॉल अडवत नाही. तेच पान मोबाइलवर उघडायचं असेल तर परवानगी लागते. जावा, पायथन, नोड यांच्या बाबतीत ‘कॅन्सल’ हेच बरं. त्यांना सूट देणं म्हणजे त्यांच्यावर उद्या जे काही चालेल त्या सगळ्याला सूट देणं.

पण ‘कॅन्सल’ म्हणजे ‘नंतर बघू’ नव्हे, आणि या फायरवॉलची सगळ्यात मोठी खोट इथे आहे. बटणावर लिहिलंय कॅन्सल, आणि पडद्यामागे त्या प्रोग्रामच्या नावाने अडवण्याचे नियम तयार होतात, सहसा दोन: एक टीसीपीचा, एक यूडीपीचा (नेटवर्कवर डेटा पाठवण्याच्या या दोन पद्धती). पुढे तुम्ही परवानगीचा नियम घातला तरी अडवणारा नियमच वरचढ ठरतो. ‘अलाऊ केलंय तरी कॅमेरा दिसत नाही’ या तक्रारीत पहिला संशय जुन्या कॅन्सलवर घ्यायचा. दुसरी गंमत म्हणजे लॉगिन अ‍ॅडमिनचं नसेल तर चौकट येतच नाही आणि बहुतेक वेळा गुपचूप अडवण्याचेच नियम पडतात. मुलांना साधं अकाउंट करून दिलं असेल (द्यावंच) आणि दोन लॅपटॉपवर मिळून गेम जोडला जात नसेल, तर कारण बहुधा हे असतं.

मग तीच चौकट पुन्हा का

फायरवॉल प्रोग्रामला फाइलच्या पूर्ण पाथवरून ओळखते. टॅलीसारखा प्रोग्राम सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये एकाच जागी राहतो, एकदा सूट दिली की विषय संपला. डिस्कॉर्डसारखे प्रोग्राम मात्र युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये राहतात आणि दर अपडेटला नवं फोल्डर काढतात: ‘अ‍ॅप’, मग डॅश, मग व्हर्जनचा आकडा. फाइल तीच, पत्ता नवा. फायरवॉलच्या लेखी हा पाहुणाच नवीन, म्हणून ती पुन्हा विचारते. तिच्या नियमात ‘या फोल्डरखालचं काहीही’ असं लिहिण्याची सोय नाही, एका नियमात एकच फाइल. युजरच्या नावावर अवलंबून असलेले शॉर्टकट-पाथही तिला चालत नाहीत, कारण ती सेवा युजरच्या खात्यात चालत नाही. घरात बाबा, आई आणि मुलगा अशी तीन अकाउंट असली की प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये वेगळी प्रत, आणि प्रश्न तीनदा.

उपाय इन्स्टॉल करतानाच करावा. इन्स्टॉलर ‘फक्त माझ्यासाठी’ की ‘सर्व युजरसाठी’ असं विचारत असेल तर दुसरा पर्याय निवडा. प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये बसतो, पत्ता पक्का होतो. पेन ड्राइव्हवरून किंवा झिपमधून थेट उघडलेले प्रोग्रामही असाच त्रास देतात. टेम्प फोल्डरमध्ये दर वेळी नव्या नावाने सुटतात आणि दर वेळी विचारतात. ते आधी एका कायमच्या फोल्डरमध्ये सोडवून घ्या.

दुसरं कारण नेटवर्कचं. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ किंवा ‘पब्लिक’ असा शिक्का मारते. राउटर बदलला की तिच्या दृष्टीने नेटवर्क नवं. लाइट गेली आणि लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला, तेही नवं. नव्याला ती सहसा पब्लिक धरते. मग प्रायव्हेटपुरती सूट असलेला प्रोग्राम एकतर गप्प होतो किंवा नव्याने विचारतो. घरचा वायफाय सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, त्या कनेक्शनचे प्रॉपर्टीज इथे जाऊन ‘प्रायव्हेट’ करा. अपवाद एक: काही सोसायट्यांत केबलवाल्याची वायर राउटर न लावता थेट पीसीत घातलेली असते आणि युजरनेम-पासवर्ड टाकून नेट चालू होतं. तिथे ते कनेक्शन पब्लिकच ठेवा, कारण त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला शेजारपाजारचे पीसीही असू शकतात.

तिसरं कारण दोन फायरवॉल. नव्या लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल अँटिव्हायरस मुदत संपली तरी अंगावरून उतरत नाही. विंडोज सिक्युरिटी उघडून ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’मध्ये कोणाचं नाव दिसतंय ते बघा. संपलेल्या मुदतीचं नाव असेल तर तो अँटिव्हायरस त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढा. कंट्रोल पॅनलमधून नुसतं अनइन्स्टॉल केल्यावर कधीकधी त्याचे ड्रायव्हर मागे राहतात. पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस असेल आणि त्याची स्वतःची फायरवॉल चालू असेल, तर पुढची साफसफाई विंडोजमध्ये करून उपयोग नाही. त्याच्याच सेटिंगमध्ये जावं लागेल. एका मशीनला एकच पहारेकरी.

साफसफाई

विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘डब्ल्यूएफ डॉट एमएससी’ लिहा (अर्थात इंग्रजी अक्षरांत), एंटर. खरी खोली ही आहे. कंट्रोल पॅनलमधलं दिसायला सोपं पान म्हणजे नुसता ओटा. पहिलं काम: उजवीकडे ‘एक्स्पोर्ट पॉलिसी’ दाबून सगळे नियम एका फाइलमध्ये काढून ठेवा. काही बिघडलं तर ‘इम्पोर्ट’ने जसंच्या तसं परत.

मग डावीकडे ‘इनबाउंड रूल्स’, म्हणजे आत येणाऱ्यासाठीचे नियम. नावाच्या कॉलमवर क्लिक केलं की यादी अक्षरांप्रमाणे लागते. इथे जे दिसतं ते बघण्यासारखं असतं: डिस्कॉर्ड, डिस्कॉर्ड, डिस्कॉर्ड, एकाखाली एक, काहींवर हिरवी खूण, काहींवर लाल. उजवीकडे सरकून ‘प्रोग्राम’चा कॉलम रुंद करा, म्हणजे व्हर्जनचे आकडे दिसतील. जी फोल्डरं आता डिस्कवर नाहीत त्यांचे नियम निवडून डिलीट करा. चालू व्हर्जनच्या नावाने लाल नियम असेल आणि तो प्रोग्राम तुम्हाला हवा असेल, तर लालही डिलीट करा. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. चौकट एकदा येईल, आता विचारपूर्वक उत्तर द्या. परवानगी द्यायची ती प्रायव्हेटला. पब्लिकची सूट घरच्या पीसीवर क्वचितच लागते. नव्या चौकटीत काय लागलं याची खात्री नसेल तर तयार झालेला नियम डबल क्लिक करून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये कुठल्या प्रोफाइलवर टिक आहे ते बघा आणि पब्लिकची काढा.

याच यादीत ‘कोअर नेटवर्किंग’ नावाने सुरू होणाऱ्या नियमांना हात लावू नका. राउटरकडून आयपी मिळण्यासारखी मूळ कामं त्यांच्यावर चालतात. ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ हेही प्रिंटर शेअर केला असेल तर राहू द्या.

टॅलीचं उदाहरण जवळून घेऊ. खाली वडिलांचा पीसी, वर मुलाचा, दोन्हीकडून तोच डेटा. टॅलीची ओडीबीसी सेवा (इतर प्रोग्रामांना टॅलीतला डेटा देणारी) मुळात ९००० पोर्टवर असते आणि लायसन्सचा गेटवे ९९९९ वर. टॅलीच्या नियमात ‘स्कोप’ टॅब उघडा, ‘रिमोट आयपी अ‍ॅड्रेस’मध्ये ‘दीज आयपी अ‍ॅड्रेसेस’ निवडा, ‘अ‍ॅड’ दाबा, मग ‘प्रीडिफाइन्ड सेट’मधून ‘लोकल सबनेट’. घरातला दुसरा पीसी जोडला जाईल, बाहेरचं कोणी नाही. गेटवे हा टॅलीपेक्षा वेगळा प्रोग्राम असल्याने त्याला नियमही वेगळा लागतो. एकालाच सूट देऊन ‘लायसन्स दिसत नाही’ म्हणून बसण्याचे प्रसंग मार्चअखेरीस बरेच येतात. ‘लोकल सबनेट’ची युक्ती कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरलाही लावा. मोबाइलवरून कॅमेरा बघण्यासाठी डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा) स्वतःच्या वाटेने बाहेर जातो, त्याला पीसीवरच्या सवलतीची गरज नसते.

यादी फारच बिघडली असेल तर कंट्रोल पॅनलच्या फायरवॉल पानावर ‘रिस्टोअर डिफॉल्ट्स’ आहे. सगळे नंतरचे नियम पुसले जातात आणि नियम लागणारा प्रत्येक प्रोग्राम पुन्हा एकदा विचारतो. टॅली चालू असलेल्या कामाच्या दिवशी हा उद्योग नको. रविवारी करा.

एवढं झाल्यावरही गेमच्या अपडेटमुळे चौकटी येत राहिल्या तर त्याच कंट्रोल पॅनलच्या पानावर डावीकडे ‘चेंज नोटिफिकेशन सेटिंग्ज’ उघडा. ‘नवं अ‍ॅप अडवल्यास मला कळवा’ ही टिक प्रायव्हेट आणि पब्लिक दोन्हींखाली असते. त्याच्याच वरची ‘टर्न ऑन’ची निवड तशीच ठेवून फक्त ही टिक काढायची. पॉपअप बंद, पहारा चालू. किंमत एवढीच की पुढे नवा प्रिंटर किंवा कॅमेरा बसवल्यावर काही जोडलं गेलं नाही, तर कोणी सांगणार नाही, यादी स्वतः उघडून बघावी लागेल. आमच्या मते बहुतेक घरांसाठी हा सौदा चांगला आहे. पब्लिकखालची टिक तर डोळे मिटून काढावी.

टायनीवॉल

हिच्या जन्माचं कारणच पॉपअपचा कंटाळा हे आहे, त्यामुळे ती कधीच विचारत नाही. फुकट आहे, आकाराने चिमुकली, घड्याळाशेजारी आयकॉन होऊन बसते. फरक असा की ती बाहेर जाणारंही अडवते. बसवल्यावर ज्याला सूट नाही ते मुकं होतं, म्हणून पहिल्या दिवशी ब्राउझरपासून टॅलीपर्यंत एकेकाला सूट देत बसावं लागेल हे धरून चाला. सूट देण्याची पद्धत सुरेख आहे: आयकॉनवर क्लिक, ‘व्हाइटलिस्ट बाय विंडो’, आणि ज्या प्रोग्रामला सोडायचं त्याच्या विंडोवर एक क्लिक. ‘ऑटोलर्न’ मोडही आहे, पण तो चालू असताना जे चालेल त्या सगळ्याला ती सूट देते. मशीन स्वच्छ असल्याची खात्री असेल तरच, आणि कामापुरताच तो वापरावा.

उणीव तीच, पत्त्याची. अपडेटनंतर फोल्डर बदलणारा प्रोग्राम इथे विचारत नाही, सरळ बंद पडतो. घरच्यांना वाटतं नेट गेलं. राउटर बंद-चालू होतो, केबलवाल्याला फोन होतो, आणि अडवलेल्याची नोंद आयकॉनच्या ‘शो कनेक्शन्स’मध्ये ‘ब्लॉक्ड अ‍ॅप्स’च्या टिकखाली पडून असते. घरात हे बघणारं एक तरी माणूस हवं. नसेल तर टायनीवॉल बसवू नका.

विंडोज फायरवॉल कंट्रोल

बिनीसॉफ्टने बनवलेला आणि २०१८ पासून मालवेअरबाइट्सकडे असलेला हा प्रोग्राम. हाही फुकट. ही वेगळी फायरवॉल नाही, विंडोजच्याच फायरवॉलचं जास्त शहाणं स्टिअरिंग आहे. चार पातळ्या: हाय, मीडियम, लो आणि नो फिल्टरिंग. ‘मीडियम’वर नियम नसलेलं बाहेर जाणारंही अडतं, तिथेच याचा खरा उपयोग. नोटिफिकेशन ‘लर्निंग मोड’वर ठेवलं की डिजिटल सही असलेल्या प्रोग्रामांचे परवानगीचे नियम तो आपणहून करतो आणि बिनसहीच्यांसाठीच विचारतो. ‘डिस्प्ले’ मोडवर ठेवलात तर पहिले काही दिवस इतके प्रश्न येतील की जुनी चौकट बरी वाटेल. लक्षात ठेवा, सही म्हणजे ‘कोणी बनवलं’ याची ओळख. नको असलेल्या टूलबारलाही सही असते.

आम्हाला यातलं सर्वात आवडलं ते ‘रूल्स पॅनल’. ज्यांची फाइल आता अस्तित्वात नाही असे नियम आणि दुहेरी नियम तो वेगळे काढून दाखवतो. वर सांगितलेली डिस्कॉर्डची रांग हाताने शोधायला पंधरा मिनिटं लागतात, इथे दोन क्लिक. ‘सिक्योर रूल्स’ची टिक मात्र जपून. ती चालू असली की बाहेरून आलेले, म्हणजे इन्स्टॉलरने टाकलेले नियमही तो निवडीप्रमाणे बंद करतो किंवा पुसतो. प्रिंटरचं सॉफ्टवेअर नियम टाकतं, हा काढतो, आणि प्रिंटर कधी दिसतो कधी नाही. ‘मीडियम’वर ‘सर्व्हिस होस्ट’च्या चौकटीला सरसकट होकार देऊ नका. विंडोजच्या अनेक सेवा त्या एकाच फाइलमागे चालतात. अपडेटसाठीचे तयार नियम याच्यासोबत येतात, ते वापरा.

कोणासाठी? ज्याला ‘हा प्रोग्राम बाहेर कोणाशी बोलतोय’ हे बघायचं आहे, त्याच्यासाठी. निव्वळ चौकटींचा कंटाळा आलेल्याला हा प्रोग्राम जास्त चौकटी देईल.

दुकानातून मशीन घेताना

असेंबल पीसी ताब्यात घेताना तिथेच ‘डब्ल्यूएफ डॉट एमएससी’ उघडून बघा. मधल्या भागात डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशा तीन प्रोफाइलची अवस्था लिहिलेली असते. एकही ‘ऑफ’ असेल तर दुकानातच चालू करून घ्या आणि का बंद होती ते विचारा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना ती बंद करतात आणि तशीच राहते. विंडोज १० वर चालणाऱ्या जुन्या मशीनमध्ये फायरवॉल अजून काम करते, पण त्या विंडोजचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा तिथे तरी प्रोफाइल बंद ठेवण्याची चैन नको.

साफसफाई आणि प्रोफाइल झालं की पुन्हा एकदा ‘एक्स्पोर्ट पॉलिसी’ करा. फाइलच्या नावात तारीख आणि ‘साफ’ असा शब्द टाका, टॅलीच्या बॅकअपच्या पेन ड्राइव्हवरच ठेवा. पुढच्या वेळी भाच्याने सुट्टीत येऊन काहीतरी बसवून ठेवलं, तर ‘इम्पोर्ट’ला एक मिनिटही लागत नाही.